गिरणीचा पगार आणि गावची चूल



कोकणात लावण्या उरकत आल्या असतील, देशावर कोळपण्या चालू असतील. हाताला थोडी उसंत मिळाली की हा मजकूर वाचा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ऐकू येईल असा मोठ्याने वाचा. आजची गोष्ट त्यांच्यापैकी पुष्कळांनी स्वतः पाहिलेली, नाहीतर आपल्या आईबापांच्या तोंडून ऐकलेली आहे.

आपल्याकडे कितीतरी घरांत माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक असते. आजोबा किंवा पणजोबा ती घेऊन मुंबईला गेले, गिरणीत लागले आणि म्हातारपणी तीच ट्रंक घेऊन घरी परतले. घरात सांगतात, "मुंबईच्या पैशावर हे घर उभे राहिले." ते खोटे नाही. पण वहीची ती एकच बाजू झाली. जमेची बाजू सगळ्यांना पाठ आहे, खर्चाची बाजू कोणी उलटून बघत नाही. तो खर्च कोणी भरला, ते आज पाहू. आपली पोरे आज पुन्हा कारखान्याकडे निघाली आहेत, ट्रंकेऐवजी पाठीवर बॅग आहे एवढेच. म्हणून हा जुना हिशेब मांडायचा.

गिरणी आली कशी?

सुताचे यंत्र जन्मले इंग्लंडात. अठराव्या शतकात तिथे सूत कातण्याची यंत्रे निघाली, पुढे ती वाफेवर चालू लागली आणि मँचेस्टरच्या आसपास गिरण्यांची धुराडी उभी राहिली. त्याच काळात तिथल्या कितीतरी गावांची सामाईक कुरणे पार्लमेंटच्या कायद्यांनी कुंपणे घालून मोठ्या जमीनदारांकडे गेली. ज्याची एखादी गाय त्या कुरणावर चरायची, त्या लहान माणसाला गावात राहणे कठीण झाले. हातमागावर पोट भरणारा विणकर तर यंत्रापुढे हरलाच. हळूहळू ही माणसे शहराची झाली, आणि पिढी-दोन पिढ्यांत त्यांचे गावाशी नाते तुटले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडे कहाणी नेमकी इथेच वेगळी झाली.

मँचेस्टरचे सूत आणि कापड आपल्या बाजारात स्वस्तात येऊ लागले आणि आपला कापूस बोटीत चढून तिकडे जाऊ लागला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने मुंबईत गिरणी कंपनी काढली, आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिची चाके फिरू लागली. कापूस आपला, मजूर आपले, यंत्रे मात्र विलायतेची, असा तो मामला होता.

मग १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या हातात चार पैसे खेळले. पण मोठा वाटा मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे गेला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, शेतकऱ्याच्या अंगावर कर्ज राहिले. व्यापारीही त्या पडझडीत बुडाले, पण जे तरले त्यांनी पुढे गिरण्या बांधल्या. १८६५ मध्ये मुंबईत दहाएक गिरण्या होत्या. तीस वर्षांनी, १८९५ मध्ये, त्या सत्तरच्या घरात गेल्या आणि त्यांत पाऊण लाखाच्या आसपास माणसे राबू लागली. त्यांनी कातलेले पुष्कळसे सूत चीन देशात विकले जाई.

माणसे का गेली?

सुखासुखी कोणी घर सोडत नाही. कोकणात जमीन थोडी आणि खाणारी तोंडे फार. त्यातही जमीन खोताची. कुळाने भात पिकवायचे आणि खोताचा वाटा घातल्यावर उरेल त्यावर वर्ष काढायचे. पावसाळ्याचे चार महिने काम, पुढे आठ महिने हात रिकामे.

देशावर वेगळे दुखणे होते. सारा रोख भरायचा, पीक येवो न येवो. सावकाराकडे गेल्यावाचून गत्यंतर नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, ते याच जाचातून. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. जनावरे गेली, माणसे मेली, जी उरली ती वाट फुटेल तिकडे चालू लागली.

कोकणातून मुंबईला आगबोट होती, घाटावरून आगगाडी. गावचा एक माणूस आधी जायचा, गिरणीत टिकला की भावाला बोलवायचा, मग मेव्हण्याला, मग शेजारच्या वाडीतल्या पोराला. म्हणून एकेका खात्यात एकेका गावची माणसे सापडत. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले निघाले. आजच्या सिंधुदुर्गाचा पुष्कळसा भाग तेव्हा रत्नागिरीतच होता. साताऱ्या-पुण्याकडचे घाटीही पुष्कळ होते.

गिरणीतला दिवस

शेतात कष्ट कमी नसतात हे तुम्हाला कोणी सांगायला नको. पण शेतावर ऊन तापले की झाडाखाली बसता येते, औत सोडता येते. गिरणीत यंत्र थांबेल तेव्हाच माणूस थांबणार. सुरुवातीच्या काळात उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची सुट्टी नाही. सण असेल किंवा यंत्र साफ करायचे असेल तेव्हाच काय ती मोकळीक. पुढे विजेचे दिवे आले तेव्हा १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांत काम चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणले गेले. सूर्याने घातलेली मर्यादा दिव्याने काढून टाकली. कापसाची किटाळे हवेत उडत, ती छातीत जात आणि म्हातारपणी खोकल्याच्या रूपाने बाहेर येत.

कामावर घेणारा जॉबर. त्यालाच मुकादमही म्हणत. तो नोकरी द्यायचा आणि त्याबद्दल दस्तुरी घ्यायचा. पैसे उसने द्यायचा तोच, खोली मिळवून द्यायचा तोच, आणि मर्जी फिरली तर घरी बसवायचाही तोच. पगार महिना संपताच मिळत नसे, पुढे कित्येक दिवस थकलेला राही. तोवर किराणा उधारीवर आणि उधारीवर व्याज. कापडात दोष निघाला की दंड, कधी ते खराब कापडच कामगाराच्या गळ्यात मारून पगारातून पैसे कापायचे.

पोरेही कामाला असत. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने काय केले? सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचे नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचे नाही, असे ठरवले. ही सुधारणा, बरं का! म्हणजे त्याआधी काय असेल याची कल्पना करा. हा कायदा यावा म्हणून मँचेस्टरकडच्या गिरणीमालकांनीही जोर लावला होता. त्यात पोरांच्या कळवळ्यापेक्षा मुंबईचे सूत आपल्याला भारी पडते याची चिंता जास्त होती. मोठ्या पुरुषमाणसाच्या तासांना कायद्याने पहिली मर्यादा पडली ती १९११ मध्ये, आणि तीही बारा तासांची.

दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई असे. बाया बहुधा सूत गुंडाळायच्या खात्यांत असत, त्यांच्यावर नाईकीण देखरेख करी. तान्हे मूल घरी ठेवून यायचे, ते दिवसभर रडू नये म्हणून त्याला बाळागोळी द्यायची. बाळागोळीत अफू असे. त्या आयांना दोष देऊ नका. पोराला अफू देणारी आई आधी किती हतबल झाली असेल ते पाहा.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. गावची जातपात गिरणीत गळून पडली असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. साचे खात्यात पगार बरा होता. पण तिथे धोट्यातली सुताची तार तोंडाने ओढून घ्यावी लागे. त्यामुळे विटाळ होईल म्हणून तिथे दलित बांधवांना काम मिळत नसे. वाफेचे यंत्र विलायतेहून आले, विटाळ मात्र गावाहूनच गेला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला.

खर्चाची बाजू

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. गिरणीमालक पगार देत होता तो एका माणसाच्या कामाचा, जितके दिवस काम तितक्याच दिवसांचा. त्या पगारात गाळ्यातल्या खोलीचे भाडे, खानावळवालीचे पैसे, जॉबरची दस्तुरी, उधारीचे व्याज आणि उरेल ते गावाला. त्या पैशात बायकापोरांसह मुंबईत राहणे बहुतेकांना जमत नसे. एका खोलीत पाळीपाळीने दहा-दहा, पंधरा-पंधरा पुरुष राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्याच वळकटीच्या जागी आडवी व्हायची. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र पुरुषांपेक्षा बायकाच जास्त. ही दोन गणिते शेजारी मांडली म्हणजे घरे कशी दुभंगली होती ते दिसते.

मग बाकीचा खर्च कोणी केला? एक-एक मोजू.

गिरणीत लागलेला तरुण पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत कोणी पोसला? गावच्या शेताने.

त्याची बायको बाळंत व्हायला कुठे गेली? गावी. तिला डिंकाचा लाडू आणि पेज दिली ती सासूने किंवा आईने.

तो आजारी पडला, ताप हटेना, तेव्हा त्याला कुठे धाडले? गावी. यंत्रात बोट गेले, हात गेला, तरीही गावीच. कामावर झालेल्या अपघाताची भरपाई देण्याचा कायदा झाला तो १९२३ मध्ये.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो माणसे जीव घेऊन कुठे पळाली? आपापल्या गावी. गिरण्या ओस पडल्या, तेव्हा एरवी पगार थकवणारे मालक रोजच्या रोज रोख मजुरी देऊन माणसे ओढू लागले. माणसाची किंमत त्यांना ठाऊक नव्हती असे नाही, देण्याची वेळ आली नव्हती इतकेच. त्या पळापळीत प्लेगही गावोगाव पोचला. तोही खर्च गावानेच भरला.

१९२८ मध्ये संप झाला, तो सहा महिने चालला. सहा महिने पगार नसता चुली कशा पेटल्या? पुष्कळ कामगार गावी गेले, लावणीला उभे राहिले, घरचे भात खाल्ले. शेताचा तुकडा होता म्हणून त्यांना मालकापुढे ताठ उभे राहता आले.

आणि शेवटी कंबर वाकली, डोळ्यांना सुताची तार दिसेना, तेव्हा तो माणूस ट्रंक घेऊन कुठे आला? पेन्शन नाही, फंड नाही. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा झाला १९५२ मध्ये. तोवर म्हाताऱ्या गिरणीकामगाराचा फंड म्हणजे गावची ओसरी.

ही सगळी खर्चाची बाजू गावाने भरली म्हणून गिरणीला मजूर स्वस्तात मिळाला. इंग्लंडातल्या कामगाराचे गाव सुटले होते. आपल्याकडच्या चाकरमान्याने गाव सोडले नाही, त्याला सोडणे परवडलेच नाही. त्याच्या पगाराचा न दिलेला भाग गावच्या चुलीवर शिजत होता. मुंबईच्या पैशावर गाव जगले हे खरे, आणि गावाच्या भातावर मुंबईची गिरणी जगली हेही तितकेच खरे.

हे भात पिकवले कोणी, तेही सांगून टाकतो. चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला येई, बाकी वर्षभर शेत बघत होती घरातली बाई. नांगराला माणूस मिळवणे, राब भाजणे, लावणी, कापणी, झोडणी, गुरे, सासूसासरे, पोरे, खोताचा तगादा, सगळे तिच्या डोक्यावर. मनीऑर्डर आली की सारा आणि सावकार आधी, मग उरेल त्यात मीठ-मिरची. मनीऑर्डरच्या कागदावर नवऱ्याचे नाव होते. तिच्या कामाची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती. सातबाऱ्यावर नाही, हजेरीपटावर तर नाहीच.

रविवार कोणी मिळवून दिला?

ही माणसे निमूटपणे सोसत राहिली असे मात्र समजू नका. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. गिरणीत भांडारपाल म्हणून काम केल्यामुळे आतले सगळे डोळ्यांनी पाहिलेले. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधु' पत्र चालवले. १८८४ मध्ये कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागणे काय होते? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, आणि यंत्राने जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. इतके साधे मागणे, पण तेही सहजी मिळाले नाही.

१८९० च्या एप्रिलमध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन बाया उठून बोलल्या. त्या काळी हजारो पुरुषांपुढे बाईने बोलणे म्हणजे केवढी हिंमत! १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी फॅक्टरी कायद्यातही आठवड्याची सुट्टी आली. रविवार तसा आपल्या खंडोबाचाही वार. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे वारले. आज रविवारी शाळेला सुट्टी मिळाल्यावर नाचणाऱ्या तुमच्या नातवंडांना हे नाव जरूर सांगा.

तुमचा हिशेब तुमच्या हाती

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. तेव्हाही माणसे गावी आली. पण या वेळी बहुतेकांच्या गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या चालल्याच नाहीत. एकेक करून त्या बंद पडल्या, जागेवर मोठमोठ्या इमारती उठल्या. काही कामगारांना नंतर घरे मिळाली, पुष्कळांचे वारस अजून वाट पाहत आहेत. तोवर गावच्या शेताच्याही वाटण्या होऊन तुकड्याचे तुकडे झाले होते. ओसरी तीच होती, पण तिच्यावर टेकायला आलेली माणसे वाढली होती.

आज आपली पोरे चाकणला, रांजणगावला, वाळूजला जातात. गाळ्याची जागा कॉट बेसिसच्या खोलीने घेतली, जॉबरची जागा ठेकेदाराने. कारखाना वाईट असे माझे म्हणणे नाही. पोराने घरीच बसून राहावे असेही नाही. शेतीत सगळ्यांचे भागत नाही हे खरेच आहे. पण जाताना डोळे उघडे ठेवून जावे.

पोरगा कामाला लागला की त्याला चार गोष्टी विचारा. नाव कंपनीच्या पटावर आहे की ठेकेदाराच्या? पगाराची चिठ्ठी मिळते का? प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर आला का आणि त्यात पैसे खरेच जमा होतात का? आजारपणाच्या, अपघाताच्या विम्यात तो बसतो का? लाज वाटू देऊ नका. या गोष्टी लोखंड्यांच्या काळापासून माणसांनी झगडून मिळवल्या आहेत, कोणी मेहेरबानी केलेली नाही.

दुसरे काम घरातले. एक वही करा. एका बाजूला पोराने पाठवलेले पैसे लिहा. दुसऱ्या बाजूला घराने त्याच्यासाठी जे केले ते लिहा. नेलेले धान्य, डबे, सून बाळंतपणाला आली ते महिने, सुटीत सांभाळलेली नातवंडे, आजारपण, आणि तो नसताना घरच्या बाईने शेतात घातलेले दिवस. पैसे मागायला हा हिशेब नको आहे. पण तुकडा विकायची गोष्ट निघेल, "शेतात आहेच काय?" असे कोणी म्हणेल, तेव्हा ती वही पुढे ठेवा. काय आहे ते आकड्यांत दिसेल. पोरालाही दिसेल आणि तुम्हालाही.

आणि माळ्यावरची ती ट्रंक एकदा खाली काढा. आत जुना पास असेल, पगाराची चिठ्ठी असेल, मनीऑर्डरच्या पावत्या असतील. घरातल्या आजीला शेजारी बसवा आणि विचारा, "आजी, आजोबा मुंबईला होते तेव्हा तू काय काय करत होतीस?" ती आधी म्हणेल, "मी कसलं काय करणार बाबा!" मग थोडे थांबा. ती सांगू लागेल. ते लिहून ठेवा. खर्चाच्या बाजूचे ते पहिले पान होईल.

बरंय मंडळी, पुन्हा भेटू पुढच्या आठवड्यात. राम राम!